आषाढातलं दार आणि पाऊण इंची फळी

मे महिन्यात एका बोटानं ढकललं तरी लागणारं दार जुलैत खांदा दिल्याशिवाय बंद होत नाही. कडी कोयंड्यापर्यंत पोचत नाही, कड चौकटीला घासते आणि रंगाचे पापुद्रे निघतात. सुताराला फोन जातो, तो ‘उद्या बघतो’ म्हणतो. त्याचंही चुकत नाही. एका दारासाठी येऊन त्याचा जाण्यायेण्याचा खर्चही सुटत नाही. असे तीन-चार ‘उद्या’ गेले की घरातलंच कोणीतरी शेजारून रंधा मागून आणतं आणि दाराची कड तासून मोकळं होतं. दार लागतं. मग दिवाळी सरते, हवा कोरडी पडते आणि त्याच दाराच्या फटीतून पलीकडच्या खोलीतला दिवा दिसायला लागतो.

यातली एक गंमत सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. दार सात फूट उंच आणि अडीच-तीन फूट रुंद असतं. ओलाव्यानं लाकूड फुगतं, एवढंच खरं असतं तर ते रुंदीपेक्षा उंचीत दुपटीनं वाढायला हवं होतं. तसं होत नाही. दार अडकतं ते बाजूनं. उंचीत ते होतं तेवढंच राहतं म्हटलं तरी चालेल.

हे असं का, ते कळलं की घरगुती सुतारकामातली निम्मी कोडी सुटतात. रुंद फळी मधोमध का चिरते, प्लायवूड का चिरत नाही, खिळा ठोकताना टोकाशीच लाकूड का फुटतं, या सगळ्यांचं मूळ एकच आहे. पैसे कुठे घालायचे आणि कुठे वाचवायचे तेही त्यातूनच ठरतं.

कडब्याची पेंढी

लाकूड म्हणजे लांबट, पोकळ पेशींचा जुडगा. झाड उभं वाढतं, म्हणून बहुतेक पेशीही खोडाच्या दिशेनं उभ्या असतात. कडब्याची घट्ट बांधलेली पेंढी डोळ्यांसमोर आणली की झालं. पेंढी पावसात भिजली तर एकेक ताट जाड होतं आणि बंध ताणला जातो, पण ताटांची लांबी वाढत नाही. लाकडाचं नेमकं हेच होतं.

ताज्या कापलेल्या लाकडात पाणी दोन ठिकाणी असतं, पेशींच्या पोकळीत आणि पेशींच्या भिंतींमध्ये. वाळताना आधी पोकळीतलं पाणी जातं आणि तोवर लाकडाचं माप बदलत नाही, फक्त वजन घटतं. पाण्याचं प्रमाण कोरड्या लाकडाच्या वजनाच्या 28 ते 30 टक्क्यांवर आलं की भिंतींमधलं पाणी निघायला लागतं. इथून पुढे लाकूड आकसतं. हवेशी ही देवघेव नंतर कायम चालू राहते. हवेतली आर्द्रता 50 टक्के असेल तर लाकडात साधारण 9 टक्के ओलावा टिकतो. आर्द्रता 85 टक्क्यांवर गेली की तो 17-18 टक्क्यांपर्यंत चढतो. लाकूड शंभर वर्षं जुनं असलं तरी यातून त्याची सुटका नाही. ‘चांगलं मुरलेलं लाकूड आहे, आता हलणार नाही’ असं वखारीत छातीठोकपणे सांगतात, ते अर्धंच खरं. मुरलेलं लाकूड कमी वेडंवाकडं होतं; हलायचं मात्र थांबत नाही.

हलतं किती? पूर्ण ओल्यापासून पूर्ण कोरडं होईपर्यंत लांबीत जेमतेम 0.1 ते 0.2 टक्के. आडव्या दिशेनं मात्र दोन वेगळे आकडे निघतात. झाडाच्या गाभ्यापासून सालीकडे जाणाऱ्या दिशेनं सागवान सुमारे 2.5 टक्के आकसतं, तर वार्षिक वलयांच्या कडेकडेनं 5.8 टक्के. सागवानाला इतका भाव मिळतो त्यात या लहान आकड्यांचा मोठा वाटा आहे. युरोपातून येणारं बीच वलयांच्या दिशेनं 11 टक्क्यांहून जास्त आकसतं.

वखारीत फळी निवडताना याचा उपयोग होतो, आणि त्याला एक पैसाही लागत नाही. फळीचं टोक, म्हणजे करवतीनं आडवा कापलेला भाग, निरखून पाहावा. तिथे वलयं आडव्या कमानींसारखी पसरलेली दिसली, तर ती फळी रुंदीत जास्त हलणार आणि वाळताना पन्हाळीसारखी वळणार. वलयांच्या रेषा कडेला कडा लावून उभ्या असतील, तर हालचाल निम्म्याहून कमी. एकाच ढिगात, एकाच भावात दोन्ही प्रकारच्या फळ्या पडलेल्या असतात.

दाराचा हिशेब

सागवानाच्या 5.8 टक्क्यांना 30 नं भागलं, की लाकडातला ओलावा 1 टक्क्यानं बदलल्यावर रुंदी सुमारे 0.19 टक्क्यानं बदलते असं निघतं. उन्हाळ्यात लाकडात 7 टक्के ओलावा होता आणि भर पावसात तो 17 टक्के झाला, असं धरलं तर रुंदीत जवळपास 2 टक्क्यांचा फरक पडतो. अडीच फूट रुंदीचं दार एकसंध सागवानी फळीचं असतं, तर ते 15 मिलिमीटर फुगलं असतं. असं दार वर्षातले चार महिने उघडलंच नसतं.

जुन्या सुतारांनी यावर शोधलेली तोड म्हणजे पॅनेलचं दार. दोन उभ्या पट्ट्या, त्यांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या आणि मधल्या खणांत बसवलेली पॅनेलं. आडव्या पट्ट्यांची लांबी दाराच्या रुंदीच्या दिशेनं असते आणि लांबीत लाकूड हलत नाही. त्यामुळे रुंदीत फुगतात त्या फक्त दोन उभ्या पट्ट्या. प्रत्येकी चार इंच धरल्या तर दोन्ही मिळून आठ इंच, म्हणजे 200 मिलिमीटर. त्याचे 2 टक्के म्हणजे 4 मिलिमीटर. वलयं उभी असतील तर दोनेक. दार आणि चौकट यांच्यात सुतार सहसा एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, साधारण 3 मिलिमीटर फट ठेवतो. दार अडकतं ते या एखाद्या मिलिमीटरच्या कमीजास्तीनं.

मधली पॅनेलं पट्ट्यांच्या खाचेत नुसती सरकवलेली असतात, चिकटवलेली नसतात. ती पावसात खाचेत आत शिरतात, उन्हाळ्यात बाहेर येतात. मे महिन्यात जुन्या दाराच्या पॅनेलाच्या कडेला बिनरंगाची बारीक पट्टी उघडी पडलेली दिसते ती यामुळेच. एखाद्या उत्साही माणसानं ‘खिळखिळं झालंय’ म्हणून तिथे खिळे ठोकले किंवा गोंद भरला, की पुढच्या उन्हाळ्यात पॅनेल मधोमध चिरतं. विदर्भात हे जास्त घडतं, कारण तिथे मे महिन्यातल्या दुपारी आर्द्रता 20-25 टक्क्यांपर्यंत उतरते. कोकणात भर पावसाळ्यात बनलेलं भरीव लाकडाचं कपाट बदलीच्या सामानाबरोबर नागपूरला गेलं, तर त्याच्या चिरा पुढच्या वैशाखात दिसतात.

नव्या इमारतींतली सपाट दारं वेगळ्या जातीची. त्यांच्या दोन्ही अंगांना प्लायचे पातळ थर असतात, त्यामुळे ती रुंदीत फारशी फुगत नाहीत. ती अडकली तर संशय आधी बिजागऱ्यांवर घ्यावा.

आधी खडू, मग रंधा

दार घासतंय म्हणजे फुगलंच असं नाही. दाराच्या कडेला पांढरा किंवा रंगीत खडू फासायचा आणि दार हळूच लावून उघडायचं. चौकटीवर जिथे खडू उमटला, तिथे घासतंय.

चौकट: खडू काय सांगतो?
• कडीच्या बाजूला वरच्या कोपऱ्यात खूण उमटली किंवा खालचा कोपरा फरशीवर घासला: वरची बिजागरी सैल झाली आहे. रंध्याला हात लावू नये.
• कडीच्या बाजूला वरपासून खालपर्यंत खूण: दार फुगलं आहे. पावसाळा सरेपर्यंत थांबावं.
• बिजागरीच्या बाजूला घासतं आणि लावलेलं दार आपोआप उघडतं: बिजागरीची पट्टी लाकडात गरजेपेक्षा खोल बसली आहे. तिच्याखाली जाड पुठ्ठ्याची पट्टी घालावी.

सैल बिजागरीचा उपाय फारच स्वस्त आहे. स्क्रूचं भोक झिजून मोठं झालेलं असतं आणि आट्यांना धरायला लाकूड उरलेलं नसतं. स्क्रू काढून त्या भोकात उदबत्तीच्या बांबूच्या काड्या गोंदात बुडवून घट्ट बसतील तेवढ्या ठोकाव्यात, बाहेर आलेली टोकं कापावीत आणि रात्रभर वाळू द्यावं. सकाळी त्यात बारीक भोक पाडून तोच स्क्रू फिरवला की तो पुन्हा आवळतो. आगपेटीच्या काड्याही चालतात. बांबू जास्त चिवट.

दार खरोखर फुगलेलं असेल तर पावसाळ्यात कडेवर मेणबत्ती किंवा कोरडा साबण घासून वेळ निभावून न्यावी. रंधा मारायचाच तर दिवाळीनंतर, आणि तोही खडूनं दाखवलेल्या जागेपुरता. दाराच्या वरच्या कडेवर रंधा चालवताना दोन्ही टोकांकडून मध्याकडे यायचं. मध्याकडून टोकाकडे सरळ गेलं, तर उभ्या पट्टीची शेवटची ताटं मागून आधार नसल्यानं सुटतात आणि कोपऱ्याचा ढलपा निघतो.

मग रंग. इथे बहुतेक घरांत एक काम राहून जातं. दाराच्या पुढच्या-मागच्या बाजूंना दोन-दोन हात मारलेले असतात. वरची आणि खालची कड मात्र कोरीच असते, कारण ती कोणाला दिसत नाही. उभ्या पट्ट्यांच्या पेशींची उघडी तोंडं नेमकी तिथेच असतात आणि तिथून ओलावा बाजूच्या तुलनेत कित्येक पटींनी वेगानं आत शिरतो. न्हाणीघराचं दार खालून कुजतं त्याचं कारण हेच. उरलेल्या रंगाचे दोन हात या कडांना मारले तरी दाराचं आयुष्य वाढतं. रंगानं ओलावा पूर्ण थांबत नाही, त्याचा वेग मंदावतो. पण पावसाळाही चारच महिन्यांचा असतो.

बोथट खिळा

पेंढीतली ताटं एकमेकांपासून वेगळी करणं सोपं, आडवी मोडणं कठीण. टोकदार खिळा लाकडात पाचरीसारखा शिरतो, तंतू बाजूला सारतो आणि फळीच्या टोकाशी ते सरळ फुटतात. जुने सुतार खिळा उलटा धरून त्याच्या टोकावर हातोडीचा एक हलका ठोका देतात. बोथट झालेला खिळा तंतू सारत नाही, चिरडत आत जातो, आणि लाकूड शाबूत राहतं. स्क्रूसाठी आधी त्याच्या मधल्या दांड्याएवढं भोक पाडायचं, म्हणजे फक्त आटे लाकडात रुततात.

हट्ट मोडलेलं लाकूड

प्लायवूडची सगळी हुशारी एका वाक्यात मावते: प्रत्येक थराच्या रेषा खालच्या थराच्या रेषांना काटकोनात. एक थर रुंदीत फुगू पाहतो, पण त्याला चिकटलेल्या शेजारच्या थराची तीच लांबी असते आणि लांबी हलत नाही. थरांची संख्या विषम ठेवतात, म्हणजे दोन्ही बाजूंचा ताण सारखा राहतो आणि पत्रा वाकत नाही. त्यामुळे नवख्या माणसानं पहिल्या कामाला भरीव लाकडाऐवजी प्लाय घेणं शहाणपणाचं.

दुकानात गेल्यावर प्रश्न येतो तो दर्जाचा. ‘कमर्शिअल’ म्हणून मिळणारं एमआर प्लाय हवेतला दमटपणा सोसतं, साचलेलं पाणी नाही. त्याचं मानक आयएस 303. ‘मरीन’ म्हणून मिळणारं प्लाय आयएस 710 या मानकाचं. त्याच्या गोंदाची कसोटी उकळत्या पाण्यात 72 तास ठेवून घेतात. ओट्याखालच्या सिंकच्या कपाटाला 710 हवंच. बैठकीतल्या पुस्तकांच्या फळीला, भिंतीला ओल नसेल तर, ते उगाच महाग पडतं. दुकानदार मात्र ‘घेताय तर चांगलंच घ्या’ म्हणणारच. दाबलेल्या भुश्याचं स्वस्त पार्टिकल बोर्ड दिसायला गुळगुळीत असतं, पण एकदा पाणी पिऊन फुगलं की पुन्हा बसत नाही, आणि त्याच्या कडेत स्क्रूही धरत नाही.

पुस्तकांची फळी का झोकते

घरच्या घरी करायला सगळ्यात सोपी वस्तू म्हणजे भिंतीवरची पुस्तकांची फळी, आणि सगळ्यात जास्त फसतेही तीच. पुस्तकांची फूटभर रांग साधारण आठ-दहा किलो भरते. तीन फुटांची फळी म्हणजे पंचवीस-तीस किलो, तेही वर्षानुवर्षं. लाकूड अशा सततच्या वजनाखाली हळूहळू आणखी वाकत जातं. पहिल्या दिवशी सरळ दिसलेली फळी दोन वर्षांनी झोळी होते ती म्हणूनच.

फळीचा ताठपणा तिच्या जाडीच्या घनाप्रमाणे बदलतो. अर्धा इंची म्हणजे 12 मिलिमीटरच्या जागी पाऊण इंची म्हणजे 18 मिलिमीटरचं प्लाय घेतलं, तर जाडी दीडपट होते, ताठपणा मात्र तिपटीहून जास्त. आधारांमधलं अंतर त्याहून निर्दयी आहे. पुस्तकांनी पूर्ण भरलेली फळी दोन फुटांऐवजी तीन फूट मोकळी सोडली, तर ती पाचपट झोकते. मधे एक ब्रॅकेट वाढवणं हा जाड प्लाय घेण्यापेक्षा स्वस्त उपाय.

त्याहूनही स्वस्त एक युक्ती आहे. फळीच्या पुढच्या कडेला दीड इंच उंचीची, पाऊण इंच जाडीची भरीव लाकडाची पट्टी उभी चिकटवायची, वरची बाजू फळीशी सपाट ठेवून. दहा इंच रुंद, पाऊण इंची फळीचा ताठपणा एवढ्यानं दुपटीहून थोडा वाढतो. प्लायचे कडेला दिसणारे थरही झाकले जातात आणि फळी जाडजूड दिसते. प्लाय कापून घेताना वरच्या थराच्या रेषा फळीच्या लांबीच्या दिशेनं येतील हे सांगायला विसरू नये. आडव्या रेषांची फळी जास्त वाकते.

कापण्याआधी कागदावर आखणी करावी, खरा पैसा इथे वाचतो. पूर्ण पत्रा आठ बाय चार फुटांचा, म्हणजे 2440 बाय 1220 मिलिमीटर. करवतीचं पातं प्रत्येक कापाला साधारण 3 मिलिमीटर खातं. दहा इंच रुंदीच्या पट्ट्या काढल्या तर चारच निघतात आणि साडेसात इंचांचं फळकूट उरतं. साडेनऊ इंच धरलं तर पाच पट्ट्या निघतात. 200 मिलिमीटर धरलं तर सहा! मराठी कादंबरी किंवा कथासंग्रह बहुधा साडेपाच बाय साडेआठ इंची असतो. त्याला 200 मिलिमीटर खोली भरपूर झाली. बहुतेक दुकानांत पत्रा यंत्रावर मापानुसार कापून मिळतो, त्यामुळे करवत विकत घ्यायचीही गरज नाही.

राहिली भिंत. गिलाव्याचा थर सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरचा असतो आणि त्यात काहीच धरत नाही. प्लास्टिकचा रावल प्लग गिलावा ओलांडून विटेत गेला पाहिजे. स्क्रू आत शिरतो, प्लग फाकतो, विटेवर दाबला जातो आणि त्या घर्षणावर फळी उभी राहते. ही कल्पना लंडनच्या जॉन जोसेफ रॉलिंग्ज यांची. ब्रिटिश म्युझियममध्ये विजेची जोडणी करताना भिंती फारशा न फोडता काम करायचं होतं. त्यांचा पहिला प्लग तागाच्या धाग्यांचा होता. स्विचबोर्डच्या नेमक्या वर किंवा खाली भोक पाडू नये, तारा तिथूनच गेलेल्या असतात.

सरस ते पांढरा गोंद

साठेक वर्षांपूर्वीपर्यंत सुताराच्या कामाशेजारी शेगडी पेटलेली असे. जनावरांच्या कातड्या-हाडांपासून बनवलेला सरस गरम करून पातळ करायचा, तो थंड व्हायच्या आत सांधा जुळवायचा, वास वेगळाच. 1959 मध्ये फेव्हिकॉल आलं आणि शेगडी विझली. ते बाजारात आणणाऱ्या बळवंत पारेख यांनी उमेदीच्या काळात एका लाकूड व्यापाऱ्याकडे शिपायाची नोकरी केली होती, त्यामुळे सुतारांची अडचण त्यांनी जवळून पाहिलेली असणार.

हा पांढरा गोंद म्हणजे पाण्यात विखुरलेले प्लास्टिकचे अतिसूक्ष्म कण. पाणी लाकडात शोषलं जातं, कण एकमेकांत मिसळून अखंड पापुद्रा होतो. नीट बसलेला सांधा ओढून तोडला तर गोंदाऐवजी शेजारचं लाकूड फाटतं. अट एकच, दोन्ही पृष्ठभाग लांबीच्या बाजूचे हवेत. आडव्या कापलेल्या टोकावर गोंद पेशींच्या उघड्या तोंडांत ओढला जातो आणि सांध्यात उरतच नाही. म्हणून फळीचं टोक दुसऱ्या फळीला नुसतं चिकटवलेलं कपाट टिकत नाही. तिथे स्क्रू किंवा कुसू लागतो, म्हणजे एका लाकडाची जीभ दुसऱ्याच्या भोकात.

गोंदाचा थर पातळ राहावा म्हणून सांधा आवळून ठेवायचा असतो, आणि लोखंडी शिकंजे महाग. सायकलच्या जुन्या ट्यूबच्या लांब पट्ट्या कापून ताणून गुंडाळल्या तर तेच काम होतं. सपाट कामावर पाण्याचे भरलेले कॅन ठेवावेत. बाहेर आलेला गोंद लगेच ओल्या फडक्यानं पुसायचा, नाहीतर तिथे पॉलिश चढत नाही आणि पांढुरका डाग कायमचा राहतो. पावसाळ्यात रात्रभराच्या जागी पूर्ण दिवस द्यावा.

फुकटचं लाकूड

औद्योगिक वसाहतींच्या आसपास मालाखालची लाकडी पॅलेटं फुकट किंवा भंगाराच्या भावात मिळतात. बहुतेक चीड जातीचं मऊ लाकूड. स्टुलाला, कुंडीच्या मांडणीला उत्तम. त्यावर गव्हाच्या ओंबीचं चिन्ह असलेला शिक्का शोधावा. हा आंतरराष्ट्रीय नियमाचा शिक्का, परदेशी कीड लाकडातून पसरू नये म्हणून मारलेला. त्यात इंग्रजी एच-टी ही अक्षरं असतील, तर लाकूड गाभ्यापर्यंत 56 अंश सेल्सिअसला निदान 30 मिनिटं तापवलेलं आहे. ते बेलाशक घ्यावं. एम-बी असेल तर मिथिल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली आहे. ते घरात आणू नये. शिक्का नसेल किंवा तेलाचे, रसायनाचे डाग असतील तरी सोडून द्यावं.

पाडलेल्या वाड्यांच्या वाशांचं सागवान याहून कितीतरी वरचं. पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा जोगेश्वरीच्या ओशिवरा भागातल्या जुन्या फर्निचरच्या दुकानांत शोधक नजरेला अजूनही एखादी चांगली चौकट सापडते. ते लाकूड घरी आणल्यावर दोन-तीन आठवडे ज्या खोलीत वापरायचं त्याच खोलीत, मधे पट्ट्या घालून हवा खेळेल असं रचून ठेवावं. रंधा मारण्याआधी त्यावरून चुंबक फिरवावा. जुन्या वाशात मोडलेले खिळे पार आतपर्यंत असतात आणि रंध्याच्या पात्याला एकच खिळा पुरतो.